पिल्लाचे जुलाब थांबत नाहीत, तेव्हा

अंबरनाथ पश्चिमेतल्या घरांत कुत्र्याचे पिल्लू येते ते साधारण दोन वाटांनी. एक असते पावसात जिन्याखाली कुडकुडणारे, मुलांनी शर्टात गुंडाळून वर आणलेले. दुसरे असते विकत घेतलेले लॅब्रॅडॉर, शिह त्झू नाहीतर पॉमेरेनियन, सोबत लसीकरणाचे छोटे कार्ड. वाट कोणतीही असो, पहिल्या पंधरा दिवसांत पुष्कळ घरांत एकच विषय सुरू होतो: पिल्लाची शी पातळ होते आहे.

पुढचा क्रमही ठरलेला. शेजारचे सांगतात, दूध बंद करा. कोणी म्हणते, दहीभात द्या. मेडिकलमधून माणसाची जुलाबाची गोळी येते आणि तिचा पाव तुकडा साखरेच्या पाण्यात विरघळवून पाजला जातो. दोन दिवस शी घट्ट होते, घरात सगळ्यांना हायसे वाटते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरी गोळी. असे तीन-चार फेरे झाले की महिना उलटतो, पिल्लाच्या बरगड्या दिसू लागतात, आणि ‘याचे पोटच नाजूक आहे’ असे म्हणून घर त्या जुलाबांना सरावते.

नाजूक पोट हे निदान नव्हे. पिल्लाचे जुलाब हा एक आजार नसून एकाच तोंडवळ्याची दहा-बारा दुखणी आहेत. जंत, सूक्ष्म परजीवी, विषाणू, न पचणारे अन्न, गिळलेली वस्तू, आतड्यात आतडे शिरणे, क्वचित स्वादुपिंडाचा किंवा यकृताचा जन्मजात दोष. या सगळ्यांत शी पातळच होते. गोळीने शी घट्ट होते, कारण मात्र जागच्या जागी राहते. तीन आठवड्यांहून अधिक चाललेल्या किंवा सारख्या उलटणाऱ्या जुलाबांना पशुवैद्यक दीर्घकालीन म्हणतात. दहा आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत तीन आठवडे म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्या काळात हाडे, रक्त, प्रतिकारशक्ती सगळे घडत असते. शिवाय हे पिल्लू ज्या फरशीवर घाण करते, त्याच फरशीवर घरातले रांगते मूल हात टेकते. म्हणून हा प्रश्न एकट्या पिल्लाचा राहत नाही.

थांबायचे नाही, असे जुलाब

कारण शोधायला सवड असते, पण सगळ्याच पिल्लांबाबत नाही. पिल्लू वारंवार उलट्या करत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, शीत रक्त असेल आणि तिला कुजकट वास येत असेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, किंवा हाक मारली तरी ते उठत नसेल, तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचे नाही. लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लात अशा वेळी पहिला संशय पार्वोचा घ्यावा लागतो.

पार्वो हा तसा नवा विषाणू. मांजरांमधल्या एका विषाणूचा हा जवळचा नातलग 1978 मध्ये कुत्र्यांत ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. भारतात त्याची नोंद 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. आपल्याकडे त्याच्या साथी अजूनही येतात. जानेवारी 2022 मध्ये अमरावती शहरातल्या पार्वोच्या बातम्या राज्यभर झळकल्या होत्या. या विषाणूला वाढण्यासाठी वेगाने विभागणाऱ्या पेशी लागतात. अशा पेशी शरीरात मुख्यतः दोन ठिकाणी असतात: आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. त्यामुळे एकीकडे आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी तयार होणेच थांबते. आतड्यातले जंतू उघड्या जखमेतून रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला सैनिक उरत नाहीत. हे सारे अवघ्या दोन-तीन दिवसांत घडते. वेळेत सलाईन, उलटीवरचे औषध आणि देखरेख मिळाली तर बहुतेक पिल्ले वाचतात. घरीच ठेवलेली बहुतेक दगावतात.

‘पार्वो’ हे नाव ऐकून काही पालक मुलांच्या काळजीने घाबरतात. माणसांतही पार्वोव्हायरस बी-19 नावाचा विषाणू आहे आणि त्याने लहान मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात. पण तो वेगळा. कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. तो चपलेला, पायपुसण्याला, कपड्यांना चिकटून मात्र एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातो.

‘पण कार्डावर लस दिल्याचा शिक्का आहे’ हे वाक्य पशुवैद्यकांच्या कानांना सवयीचे आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून तयार प्रतिपिंडे मिळतात. ती असेतो ती लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा दिली जाते. शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्याच्या आधीच घेऊन थांबलेले पिल्लू उघड्यावर राहू शकते. एका शिक्क्यावर निर्धास्त होणे चुकीचे ते यामुळे. लस थंड साखळीत, 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवली गेली होती का, हाही प्रश्न आहेच. वीज जाण्याच्या दिवसांत तो विचारण्यात संकोच नको.

विकत घेण्याच्या वेळची एक गोष्ट कायद्यातच लिहिली आहे. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबत केंद्राने 2017 मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही डोळे उघडून जेमतेम दोन आठवडे झालेली पिल्ले गोड दिसतात म्हणून उचलली जातात. आईपासून लवकर तुटलेल्या पिल्लाचे पोट नव्या अन्नाला तयार नसते, त्यात प्रवासाचा आणि नव्या घराचा ताण. अशा पिल्लाला जुलाब झाले नाहीत तरच नवल.

पार्वो नसला तरी पिल्लू मरते ते पुष्कळदा पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. हा धडा माणसांच्या वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत बनगाव येथे कॉलराची साथ पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून लोकांना पाजायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले. आज घरोघरी माहीत असलेल्या ओआरएसमागे हा अनुभव आहे. पिल्लाचे शरीरही याच तत्त्वावर चालते. उलट्या नसतील आणि पिल्लू आपणहून चाटत असेल तर तज्ज्ञाला विचारून थोडे थोडे ओआरएस देता येते. मात्र मरगळलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने जबरदस्तीने पाणी ढकलले तर ते फुप्फुसात जाते, आणि पोटाच्या दुखण्यात न्यूमोनियाची भर पडते.

शरीर किती सुकले आहे हे घरी पाहता येते. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. तंबूसारखी उभी राहिली तर पाणी बरेच कमी झाले आहे. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा छोट्या जातींच्या पिल्लांत आणखी एक धोका असतो, तो रक्तातली साखर उतरण्याचा. ‘पोटाला आराम’ म्हणून मोठ्या कुत्र्याला बारा-चोवीस तास उपाशी ठेवतात, तसे पिल्लाला ठेवू नये. ते थरथरू लागले, धडपडू लागले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळत तडक दवाखाना गाठावा.

जंताची गोळी तर दिली होती

आता ते पिल्लू, जे खेळते, खाते, शेपूट हलवते, पण ज्याची शी काही केल्या सुधारत नाही. इथे घाईपेक्षा चिकाटी लागते. पहिले नाव अर्थातच जंतांचे.

गोल जंतांचा, म्हणजे टॉक्सोकॅरा केनिसचा, डाव विलक्षण आहे. त्यांच्या अळ्या मादी कुत्रीच्या स्नायूंत वर्षानुवर्षे निपचित पडून असतात. तेव्हा तिची शी तपासली तर काहीच सापडत नाही. ती गाभण राहिली की साधारण 42 व्या दिवसानंतर या अळ्या जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते. आई कितीही निगुतीने पाळलेली असली तरी. हुकवर्म तर आईच्या दुधातूनही येतात. ते आतड्याला डसून रक्त पितात. एवढ्याशा जिवात रक्त किती असणार! शी काळपट, डांबरासारखी होते, हिरड्या फिकट पडतात. आणि जंतांनी अंडी घालायला सुरुवात करण्याआधीच हे होऊ शकते, म्हणून शीच्या तपासणीत अंडी दिसली नाहीत तरी हुकवर्म नाहीतच असे म्हणता येत नाही.

मग गोळी देऊनही जुलाब का राहतात? पहिले कारण, एका गोळीने भागत नाही. औषध आतड्यातले जंत मारते; शरीरात भटकणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात येतात. म्हणूनच दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, साधारण आठव्या आठवड्यापर्यंत, आणि मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला जंतनाशक देण्याची शिफारस आहे. दुसरे कारण वजनाचे. पिल्लू आठवड्यागणिक वाढते आणि डोस मात्र मागच्या कार्डावरचाच दिला जातो. तिसरे कारण सर्वांत जास्त चकवणारे: जे त्रास देत आहे ते जंत नसतेच.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी आहेत. नेहमीची जंतांची गोळी कॉक्सिडियाला काहीच करत नाही, आणि जिआर्डियावर काही विशिष्ट औषधेच, तीही सलग काही दिवस, चालतात. जिआर्डिया पहिल्यांदा पाहिला तो डच सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहुकने 1681 मध्ये, स्वतःला जुलाब झाले असताना स्वतःच्याच शीत. इतका जुना ओळखीचा असूनही तो अजून हुलकावणी देतो, कारण तो रोज बाहेर पडत नाही. आज नमुना स्वच्छ, परवा भरलेला. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने तपासावे लागतात. त्यातच त्याच्या गाठी कुत्र्याच्या ढुंगणाच्या केसांना चिकटून राहतात, पिल्लू ते चाटते आणि औषध संपताच नवा फेरा सुरू होतो. उपचारात औषधाइतकाच वाटा शेवटच्या दिवशीच्या आंघोळीचा आणि रोज उकळत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यांचा असतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा घरच्यांसाठी उकळलेल्या पाण्यातलेच पिल्लालाही द्यावे. यात खर्च काहीच नाही, पण हे क्वचित केले जाते.

दुसरे मोठे कारण ताटात असते. आपल्याकडे पिल्लाचे अन्न म्हणजे दूध-पोळी, दूध-भात आणि चहासोबतचे ग्लुकोज बिस्किट. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाई-म्हशीच्या दुधापेक्षा जास्त आणि दुधातली साखर कमी असते. आईचे दूध सुटले की ती साखर पचवणारे विकर आतड्यात घटत जाते. न पचलेली साखर पाणी ओढून घेते, वायू होतो, जुलाब होतात. तेव्हा शेजाऱ्यांचा ‘दूध बंद करा’ हा सल्ला बरोबरच असतो. चूक एवढीच की दूध बंद करून जागी येतो तो मसाल्याचा रस्सा आणि कोंबडीची हाडे.

जुलाबांच्या दिवसांत मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली बिनहाडाची कोंबडी आणि मऊ भात, थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा, हे पोटाला सोसते. मात्र पिल्लू सुधारले म्हणून महिनोन्‌महिने तेवढ्यावरच ठेवले तर कॅल्शियम कमी पडून पाय वाकतात. वाढत्या वयाचे संतुलित अन्न सुरू करावे, तेही जुन्या अन्नात रोज थोडे वाढवत, आठवडाभर घेऊन. दीर्घकाळ जुलाब असलेल्या आणि परजीवी नसलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ अन्न बदलल्यावर सुधारतात असे अभ्यास सांगतात. पण ती ‘अन्नचाचणी’ खरीखुरी हवी: पशुवैद्यकाने ठरवून दिलेले एकच अन्न, किमान दोन आठवडे, आणि दुसरे काहीही नाही. इथे बहुतेक घरे नापास होतात. आई वाटीत मोजून अन्न वाढते, आणि टीव्ही पाहणारे आजोबा टेबलाखालून अर्धे बिस्किट देतात. आजोबांना विश्वासात घेतल्याशिवाय चाचणी सुरूच करू नये, हे अनुभवी पशुवैद्यक हसत हसत पण गांभीर्याने सांगतात.

एवढे करूनही जुलाब राहिले, वजन वाढेना, तर रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, स्वादुपिंडाच्या विकरांची चाचणी यांची पाळी येते. भरपूर खाऊनही रोडावत जाणाऱ्या जर्मन शेफर्डमध्ये ही शेवटची चाचणी लवकर करावी. उलट्यांसोबत पोटात सॉसेजसारखा गोळा हाताला लागला तर आतड्यात आतडे शिरले असण्याची शक्यता असते. जंतांनी किंवा पार्वोने चिडलेल्या आतड्यात हे पिल्लांमध्ये घडते आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. आंब्याच्या दिवसांत कोय, एरवी मोजा, रबरी चेंडू. गिळलेल्या वस्तूंची यादी लांबलचक आहे.

गोळ्यांचा डबा

घरातल्या औषधांच्या डब्यातून पिल्लासाठी काहीही काढू नये, हे पुन्हा सांगावे लागते. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठराला भोके पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. जुलाब रोखणारे लोपेरामाइड कोली वंशाच्या अनेक कुत्र्यांत थेट मेंदूवर परिणाम करते, कारण औषध मेंदूबाहेर ठेवणारे प्रथिन त्यांच्यात जन्मतः सदोष असते. आणि जुलाब विषारी जंतूंचे असतील तर आतडे थांबवणे म्हणजे घाण आत कोंडणे.

खरा गैरवापर मात्र प्रतिजैविकांचा होतो, आणि त्यात सर्वांत पुढे मेट्रोनिडॅझोल. माणसांच्या जुलाबांत सवयीने लिहिले जाते तसेच ते पिल्लांनाही जाते. त्याने शी लवकर घट्ट होते हे खरे. पण आतड्यातल्या उपयोगी जंतूंची वस्तीही उजाड होते. पित्तरसावर काम करणारे काही जंतू कित्येक आठवडे परतत नाहीत, आणि मग जुलाब उलटायला निमित्तच पुरते. साध्या, सौम्य तीव्र जुलाबांत कुत्र्यांना प्रतिजैविके देऊ नयेत अशी मार्गदर्शक तत्त्वे युरोपातील पशुवैद्यकांच्या गटाने 2024 मध्ये प्रसिद्ध केली आहेत. पार्वोत ती द्यावी लागतात, कारण तिथे जंतू रक्तात शिरण्याचा धोका खरा असतो. फरक हा असा कारणाचा आहे.

याचा माणसांशी संबंध काय, हे अमेरिकेत 2016 ते 2018 या काळात दिसले. दुकानांतून पिल्ले घेतलेली माणसे आणि तिथले कर्मचारी कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या जुलाबांनी आजारी पडू लागले. शंभराहून अधिक जण आजारी झाले आणि जंतूवर नेहमीची तोंडावाटे द्यायची प्रतिजैविके चालेनात. आरोग्य यंत्रणेने 149 पिल्लांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी 142 पिल्लांना एक ना एक प्रतिजैविक दिले गेले होते, आणि निम्म्याहून अधिक पिल्लांना तर आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून. आपल्याकडे तापाच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी ‘मोठे’ अँटिबायोटिक मागायची जी सवय आहे, तिचीच ही दुसरी बाजू.

फरशीवरचे मूल

रांगत्या, माती खाणाऱ्या मुलाच्या घरात गोल जंतांची गोष्ट निराळीच होते. एक मादी जंत दिवसाला हजारो अंडी घालते. ती अंडी ताज्या शीत संसर्गक्षम नसतात. बाहेर पडल्यावर त्यांना दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर अर्धी लढाई तिथेच संपते. राहिलेली अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात बांधकामांसाठी ओतलेले वाळूचे ढीग हे मुलांचे खेळण्याचे ठिकाण आणि कुत्र्यांचे शौचालय एकाच वेळी असतात. ते झाकून ठेवणे हा सोसायटीने आणि ठेकेदाराने सहज करण्यासारखा उपाय आहे.

गिळलेल्या अंड्यातली अळी मुलाच्या यकृतात, फुप्फुसात भटकते. ताप, खोकला, धाप, वाढलेले यकृत, रक्तात इओसिनोफिल पेशी खूप. 1952 मध्ये पॉल बीव्हर यांनी न्यू ऑर्लिन्सच्या मुलांत या आजाराला नाव दिले. त्याच्या दोन वर्षे आधी हेलेनॉर वाइल्डर यांनी गाठीच्या संशयावरून काढून टाकलेले मुलांचे 46 डोळे तपासले होते. त्यांपैकी 24 डोळ्यांत कर्करोग नव्हता, जंताच्या अळीच्या खुणा होत्या. माणसात ही अळी कधी प्रौढ होत नाही, त्यामुळे मुलाच्या शीच्या तपासणीत काहीच सापडत नाही. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी माणसांच्या जंतांसाठी आहे. ती घेतली म्हणून पिल्लाकडे दुर्लक्ष करायची सूट मिळत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘घरात पिल्लू आहे आणि मूल माती खाते’ हे एक वाक्य सांगावे. रक्ताच्या अहवालाचा अर्थ त्याने बदलतो. पावसाळी मातीत अनवाणी फिरल्यावर पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ सरकताना दिसली, तर तो हुकवर्मच्या अळीचा माग असतो. तोही सांगावा.

पावसाळ्यात लेप्टोचा विचार करणे ठाणे-मुंबई पट्ट्यात भाग आहे. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर हा आजार काय करतो ते इथे सर्वांनी पाहिले. उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा आणि मरगळ अशी लक्षणे असलेल्या पिल्लाचे मूत्र हातमोज्यांशिवाय पुसू नये.

आणि रेबीज. रस्त्यावरून उचललेले पिल्लू खात-पीत नाही, लाळ गाळते, आवाज घोगरा झाला आहे. घरातला कर्ता माणूस म्हणतो, घशात हाड अडकले असेल, आणि तोंडात बोट घालतो. रेबीजच्या कहाण्यांत हे दृश्य वारंवार येते. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लालाही रेबीज होतो. असे पिल्लू काही दिवसांत दगावले असेल, तर त्याची लाळ ज्यांच्या ओरखड्याला, जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली त्या सर्वांनी ती जागा पाण्याने आणि जखम असेल तर साबणानेही पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. फाटलेल्या त्वचेला लाळ लागणे ही सर्वांत वरच्या श्रेणीची जोखीम मानली जाते. तिथे लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कातडीतून दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. चावाच झाला नाही म्हणून लस टाळणे हा जीवघेणा हिशेब आहे.

दवाखान्यात जाताना

कल्याण-उल्हासनगर परिसरात खासगी पशुवैद्यक आहेत. गुंतागुंतीचे दुखणे असेल तर परळला जावे लागते. तिथे 1886 पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याही आधीचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. जाताना सोबत काय न्यायचे हे कमी लोकांना माहीत असते. त्याच सकाळची शी, स्वच्छ कोरड्या डबीत, चमचाभर पुरे. मोबाइलवर शीचे फोटो, तारखेनिशी. दिवसातून किती वेळा, आव आणि ताजे रक्त आहे का, कुंथते का, की थोड्याच वेळा पण भरपूर होते, हे लिहिलेला कागद. थोडी थोडी, सारखी, आव पडणारी शी मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते. भरपूर शी आणि उतरणारे वजन लहान आतड्याकडे. वजन रोज एकाच वेळी करावे. छोट्या पिल्लाला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वाढत्या वयात वजन जागच्या जागी थांबणे हीसुद्धा वाईट खूण आहे. आजवर दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे न्यावीत, मेडिकलमधून परस्पर आणलेलीही. ती लपवली जातात आणि पशुवैद्यकाचा अर्धा वेळ त्याच अंदाजात जातो.

राहिली स्वच्छता. फिनेलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली असे नाही. पार्वोवर ना फिनेल नीट चालते, ना हाताला लावायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर. आधी घाण पूर्ण पुसून साबणाने धुवायची, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ओले ठेवायचे, खिडक्या उघड्या ठेवून, आणि इतर कोणतेही द्रावण त्यात न मिसळता. फरशीला हे जमते. जिन्याखालच्या मातीला, गोणपाटाला, गादीला जमत नाही. तिथे विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. म्हणून ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले, तिथे मुलांचे रडे थांबवायला पुढच्याच आठवड्यात दुसरे पिल्लू आणू नये. गोणपाट आणि गादी टाकून द्यावी, आणि आणायचेच झाले तर लसींचा पूर्ण क्रम झालेला, चार महिन्यांपुढचा कुत्रा आणावा.